पालिकेच्या दारात : निवाऱ्याची थकलेली बिलं आणि इतर पत्रं

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी एका महानगरपालिकेच्या लेखा विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधली नऊ वर्षं समाज विकास विभागाची बिलं माझ्या टेबलावरून जात. बेघरांचे निवारे, पाळणाघरं, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं, महिलांची प्रशिक्षणं असं पालिकेच्या पैशावर आणि संस्थांच्या माणसांवर चालणारं बरंच काम तेव्हा जवळून पाहिलं. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण त्यातलं काही गाळावंसं वाटलं नाही.

प्रश्न : आमची संस्था पालिकेच्या इमारतीत शहरी बेघरांसाठी निवारा चालवते. रोज चाळीस-बेचाळीस जण असतात. तीन वर्षांचा करारनामा आहे. गेल्या अकरा महिन्यांची बिलं थकली आहेत. किराणा दुकानदाराची उधारी एक लाख ऐंशी हजारांवर गेली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार मी माझी पाटली गहाण ठेवून दिला. विभागात गेलं की ‘वरून अनुदान आलं की देऊ’ असं सांगतात. मागच्या खेपेला एक साहेब म्हणाले, ‘समाजसेवा करता ना मॅडम, मग थोडं थांबायला काय हरकत आहे?’ मला काही बोलताच आलं नाही. निवारा बंद करावा का? (एक भगिनी, शहराचं नाव त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे)

उत्तर : ताई, आधी एक विनंती. दुसरी पाटली घरातच राहू द्या.

तुमच्या मूळ पत्रात ‘अनुदान’ हा शब्द सात वेळा आला आहे. विभागातले लोक तो वापरतात, ऐकून ऐकून तुम्हीही वापरता, आणि तिथेच तुमची बाजू लंगडी पडते. अनुदान म्हणजे एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या कामाला पालिकेनं केलेली मदत. ती किती द्यायची, द्यायची की नाही, हे बरंचसं देणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्याकडे तर करारनामा आहे आणि कार्यादेशही आहे. पालिकेच्या इमारतीत, पालिकेनं ठरवलेल्या दरानं, पालिकेनं करायचं काम तुम्ही करता. त्याचे पैसे म्हणजे देयक. रस्त्याचा ठेकेदार आपलं बिल मागायला संकोचत नाही. तुम्हीही संकोचू नका. यापुढच्या प्रत्येक पत्रात, प्रत्येक बोलण्यात ‘देयक’ हाच शब्द वापरा. वाटायला बारीक गोष्ट वाटते, पण फाईलवर मागणाऱ्याचा शब्द बदलला की टिपणी लिहिणाऱ्याची भाषाही बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवारा चालवणं हे पालिकेचं काम कसं, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. अन्नाच्या हक्कासाठी २००१ साली दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या कडाक्याच्या थंडीत आधी दिल्लीतल्या आणि मग इतर राज्यांतल्या बेघरांच्या निवाऱ्यांबद्दल आदेश दिले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. त्यातल्या शहरी बेघर निवारा योजनेचा निकष असा होता, की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची कायमस्वरूपी सोय हवी आणि माणशी ५० चौरस फूट जागा हवी. निधी असूनही निवारे उभे राहत नाहीत म्हणून २०१६ मध्ये न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा तुमचे बेचाळीस जण म्हणजे पालिकेनं कुणावर केलेले उपकार नाहीत. पालिकेला जे करणं भाग आहे, ते तुमच्या हातून होतं आहे.

आता कामाचं. करारनामा काढा आणि देयकाचं कलम नीट वाचा. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरातून आहे. केंद्र-राज्याच्या योजनेतून की पालिकेच्या स्वतःच्या निधीतून? दुसरी, कलमात ‘शासनाकडून निधी प्राप्त झाल्यानंतर’ असे शब्द आहेत का? नसतील, तर ‘वरून आलं की देऊ’ हे उत्तर तुम्हाला लागू होत नाही. करार तुमचा आणि पालिकेचा. वरचे पैसे कधी येतात हा पालिकेचा आणि शासनाचा आपसातला हिशोब. असे शब्द असतील तर बाजू थोडी अवघड होते. तरीही पालिकेला स्वतःच्या निधीतून तात्पुरता खर्च करून शासनाचे पैसे आल्यावर ती रक्कम वळती करून घेता येते. त्यासाठी विभागानं प्रस्ताव ठेवावा लागतो आणि आयुक्तांची मान्यता लागते. तुमचं पत्र हा त्या प्रस्तावाचा पहिला कागद असतो. पत्रच नसेल तर प्रस्ताव कशावर ठेवणार?

बिल कुठून कुठे जातं हे बहुतेक संस्थांना माहीत नसतं, म्हणून सांगते. तुम्ही देयक दिलंत की आवक विभागात त्याची नोंद होऊन आवक क्रमांकाचा शिक्का बसतो. मग ते समूह संघटकाकडे, म्हणजे समाज विकास विभागाच्या वस्तीत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जातं. तो हजेरीपट, जेवणाच्या नोंदी, कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक तपासतो आणि काम झाल्याचा दाखला देतो. तिथून समाज विकास अधिकारी, मग उपायुक्त. मग फाईल लेखा विभागात येते. तिथे लेखाशीर्षात तरतूद शिल्लक आहे का हे पाहतात. पुढे लेखापरीक्षण, मग मुख्य लेखाधिकाऱ्यांची सही, आणि मग तुमच्या खात्यात रक्कम. यातल्या प्रत्येक टेबलावर फाईलला त्रुटी निघू शकते, आणि त्रुटी निघाली की फाईल खाली येते. एकाच फाईलला चार वेळा चार वेगवेगळ्या त्रुटी निघालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून आवक क्रमांकाशिवाय देयक कधीही देऊ नका, कुणाच्या हातात तर मुळीच देऊ नका. आणि लेखी मागा : जेवढ्या त्रुटी असतील तेवढ्या एकदम कळवाव्यात.

अशीच एक त्रुटी मी स्वतः काढली होती. ती सांगायला हवी.

एका निवाऱ्याच्या हजेरी रजिस्टरमध्ये आधार क्रमांकाचा रकाना होता आणि चौदा नावांपुढे तो कोरा होता. मी हिरव्या शाईनं शेरा मारला : ‘ओळख सिद्ध न झालेल्या १४ व्यक्तींवरील खर्च अमान्य करण्यात यावा.’ नियमाप्रमाणे वागले असं वाटलं. त्या निवाऱ्याच्या व्यवस्थापिका दुसऱ्या दिवशी आल्या. भांडल्या नाहीत. ‘ताई, एकदा रात्री या,’ एवढंच म्हणाल्या. मी गेले. साडेनऊ वाजले होते. सतरंज्या घातल्या होत्या आणि लोक झोपायच्या तयारीत होते. दारापाशी एक म्हातारे बाबा होते. त्यांनी चपला उशीखाली ठेवल्या होत्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला आणि तो तांब्याच्या तारेनं आवळलेला. मी नाव विचारलं तर त्यांनी आधी उशीखालून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता, घड्यांवर फाटलेला. त्यावर नाव होतं, वय होतं आणि पत्त्याच्या जागी लिहिलं होतं ‘एस.टी. स्टँड’. बाबांनी तो मला दोन्ही हातांनी दिला आणि परत मिळेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिले.

ज्याला पत्ताच नाही, त्याच्याकडे मी पत्त्याचा पुरावा मागत होते. बेघर माणसाकडे ओळखपत्र नसणं हे बेघर असण्यातच येतं. दुसऱ्या दिवशी मी तो शेरा मागे घेणारी टिपणी लिहिली : ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही त्यांच्या बाबतीत अंगठ्याचा ठसा, फोटो आणि व्यवस्थापकाचा दाखला ग्राह्य धरावा, आणि ओळखपत्र काढून देण्याचं काम संस्था व समूह संघटक यांनी मिळून करावं. ती मान्य झाली. त्या चौदा जणांचे पैसे संस्थेला दोन महिने उशिरा मिळाले. तो उशीर माझ्या शेऱ्यामुळे झाला होता.

हे एवढ्यासाठी लिहिलं, की तुमच्या बिलावर अशी त्रुटी असेल तर लेखा विभागातल्या माणसाला निवाऱ्यावर बोलवा. रात्री बोलवा. सगळे येणार नाहीत. पण एक जरी आला तरी फाईलवर फरक पडतो.

पुढची तारीख लक्षात ठेवायची ती ३१ मार्च. त्या दिवशी चालू वर्षाची न वापरलेली तरतूद संपते. तुमची अकरा महिन्यांची रक्कम तोवर निघाली नाही, तर ती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ‘मागील दायित्व’ म्हणून दाखवावी लागते. विभागानं ती दाखवली नाही तर एप्रिलनंतर तुम्हाला ऐकावं लागेल, ‘मॅडम, तरतूदच नाही.’ म्हणून फेब्रुवारीत एक स्वतंत्र पत्र द्या. महिना, देयक क्रमांक, आवक क्रमांक, रक्कम असा तक्ता जोडा आणि ही रक्कम दायित्वात समाविष्ट करावी असं स्पष्ट लिहा. प्रत मुख्य लेखाधिकाऱ्यांना.

पत्रांनी हललं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न नेमका विचारा. ‘पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नका, कारण ‘का’ ही माहिती होत नाही असं उत्तर येऊ शकतं. विचारायचं ते असं : अमुक आवक क्रमांकाचं देयक आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, कोणत्या तारखेपासून आहे, त्यावरच्या सर्व टिपण्यांच्या प्रती द्या. हा अर्ज गेला की फाईल बरेचदा आपोआप सापडते. आणि हे सगळं करताना तीन वर्षांची मुदत डोक्यात असू द्या. रकमेच्या वसुलीसाठी दिवाणी दावा लावायचा झाला तर साधारण तेवढाच वेळ असतो. तिथवर जाऊ नये असं मलाही वाटतं, पण सगळ्यात जुनं बिल कोणत्या महिन्याचं आहे हे वकिलांना एकदा दाखवून ठेवा.

निवारा बंद करावा का? अचानक कुलूप लावू नका. त्यात भरडले जातील ते उशीखाली चपला ठेवून झोपणारेच. पण दागिन्यांवर निवारा चालवूही नका. आयुक्तांना एक पानाचं पत्र द्या. आज किती जण राहतात, किती आजारी आहेत, धान्य किती दिवस पुरेल, किराणा दुकानदारानं कोणत्या तारखेपासून उधारी थांबवली, आणि करारनाम्यातल्या अमुक कलमानुसार आम्ही इतक्या दिवसांची नोटीस देत आहोत. त्या मुदतीत देयक मिळालं नाही तर या व्यक्तींची पर्यायी व्यवस्था पालिकेनं करावी. हे पत्र लिहिताना तुमचा हात थरथरेल, मला माहीत आहे. तरी लिहा. आणि त्या साहेबांना सांगायचं राहून गेलेलं त्यात एका वाक्यात येऊ द्या : थांबायला आमची हरकत नाही, पण संध्याकाळचं जेवण थांबत नाही.

प्रश्न : रस्त्यावरच्या निराधार आणि मानसिक आजारी महिलांसाठी आम्ही वीस वर्षं काम करतो. पालिकेनं चोवीस तास आधारगृह चालवण्यासाठी ई-निविदा काढली. आम्ही भरली. काम मिळालं सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार पुरवणाऱ्या एका एजन्सीला, कारण त्यांचा दर आमच्यापेक्षा खूपच कमी होता. सेवेच्या कामाची निविदा काढणं योग्य आहे का? (संस्थेचे सचिव, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : निविदा काढण्यात गैर नाही. उलट कुणाच्या ओळखीनं काम देण्यापेक्षा ते बरं. चूक होते ती निविदेच्या अटी लिहिताना. गटार साफ करायच्या कामाच्या अटी जशाच्या तशा उचलून आधारगृहाला लावल्या, की सगळ्यात कमी दर भरणारा जिंकतो आणि कामाची जाण कुणी विचारतच नाही. अशा कामाला गुण आणि दर दोन्ही मोजणारी पद्धत लावता येते. तांत्रिक लिफाफ्यात (दराचा वेगळा असतो) अनुभव, प्रशिक्षित माणसं, डॉक्टरांशी असलेली व्यवस्था याला गुण द्यायचे, त्यांना दरापेक्षा जास्त वजन द्यायचं. पण ही मागणी निकाल लागल्यावर करून उपयोग नाही. निविदापूर्व बैठक असते, तिच्यात लेखी करायची. त्या बैठकीला संस्थांची माणसं येत नाहीत, ठेकेदारांची येतात, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे. पुढच्या वेळी तुम्ही जा, आणखी दोन संस्थांना बरोबर न्या.

आणि कमी दराचं गणित तिथेच सोडवून दाखवा. कागदावर सोपं आहे. चोवीस तासांचं आधारगृह म्हणजे रोज आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. आठवड्याच्या झाल्या एकवीस. एका बाईला साप्ताहिक सुट्टी द्यायची तर ती सहाच पाळ्या करू शकते. म्हणजे तीन काळजीवाहक पुरतच नाहीत, साडेतीन लागतात, म्हणजे चार. रजा आणि आजारपण अजून धरलेलं नाही. त्या चौघींना किमान वेतन, त्यावर मालकाच्या वाट्याचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, बोनस. एवढी बेरीज केलीत की कळेल की अमुक रकमेच्या खाली दर भरणारा एकतर तीनच बायका ठेवणार किंवा त्यांना कमी पगार देणार. दर फारच कमी असेल तर त्याचं विश्लेषण मागण्याचा अधिकार पालिकेला आहे, आणि तुमचा हा तक्ता समोर असला तर ते मागावंच लागतं.

आता काम त्यांना गेलंच आहे, तर मन घट्ट करून एक करा. हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीची चलनं आणि तपासणी अहवाल माहितीच्या अधिकारात दर तीन महिन्यांनी मागत राहा. त्या घरात आज ज्या बायका आहेत त्या तुम्हीच वीस वर्षं सांभाळलेल्यांसारख्या आहेत. काम तुमच्याकडे नाही म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. वेळेवर मालमत्ता कर भरतो. माझ्या गल्लीतला दिवा चार महिने बंद आहे आणि पालिका संस्थांना पैसे वाटते. यातल्या किती संस्था नगरसेवकांच्या नातेवाइकांच्या असतात हे काय आम्हाला कळत नाही? दानधर्म लोकांनी करावा, पालिकेनं दिवे लावावेत. (वाचक, मराठवाडा)

उत्तर : गुरुजी, दिवा लागलाच पाहिजे. त्याची तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. शहरांच्या कारभाराकडे सोपवता येतील असे अठरा विषय तिच्यात आहेत. त्यात रस्ते, पाणी, दिवे आहेत, आणि त्याच यादीत दुर्बल घटकांचं व अपंगांचं हितरक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी दारिद्र्य निर्मूलनही आहे. घटनेनं दिवा आणि म्हातारं माणूस एकाच यादीत ठेवलं आहे. पालिका हे काम स्वतःची माणसं नेमूनही करू शकते, पण रात्री दोन वाजता स्टँडवरच्या आजारी माणसाला उचलून आणायला जी सवय आणि माया लागते ती संस्थांच्या कार्यकर्त्यांकडे असते. म्हणून काम त्यांच्याकडे जातं.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेनं हजार रुपये खर्च करायचं ठरवलं, तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा असं सांगून त्यांनी विरोध केला. करदात्याचा पैसा कशावर जावा, हा तुमचाच प्रश्न त्यांनीही विचारला होता.

तुमचा संशय मात्र खरा आहे, आणि तो मी झाकणार नाही. शिवणकाम प्रशिक्षणाच्या दोन वेगवेगळ्या वर्गांच्या बिलांना जोडलेले फोटो एकदा मी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही वर्गांत त्याच सहा बायका, त्याच साड्या, मागे तेच कॅलेंडर. ते बिल थांबलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरू शकतो. पण ते सिद्ध करायला कागद लागतात. तुम्ही मिळवू शकता असा कागद म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची यादी. ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते, तिची नक्कल मागता येते. शिवाय गेल्या तीन वर्षांत कोणत्या संस्थेला किती रक्कम दिली ही यादी पालिकेकडे मागा. दोन्ही याद्या घेऊन बसा. शिक्षकी पेशात तुम्ही हजारो उत्तरपत्रिका तपासल्या असतील. हे काम तुमच्याइतकं नीट कोण करील? ज्या संस्था प्रामाणिक आहेत त्यांना तुमच्यासारखा तपासणारा हवाच असतो, कारण खोट्या बिलांमुळे खऱ्या बिलांवर संशयाचे शेरे पडतात. वरच्या ताईंचं पत्र जरूर वाचा.

प्रश्न : मी न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात राहते आणि दक्षिण आशियाई ज्येष्ठांच्या एका केंद्रात स्वयंसेवक आहे. केंद्राचा खर्च मुख्यतः शहराच्या कंत्राटातून भागतो आणि ते पैसे फार उशिरा येतात. आपल्याकडे हे असंच असतं असं आई म्हणायची. अमेरिकेतही तेच बघून आश्चर्य वाटलं. (वाचक, न्यूयॉर्क)

उत्तर : तुमच्या आईचं बरोबर होतं, आणि तुम्हाला दिसतं तेही खरं आहे. न्यूयॉर्क शहर ज्येष्ठांचं जेवण, बेघरांचे निवारे, मुलांचे शाळेनंतरचे वर्ग यांतलं फार मोठं काम संस्थांशी कंत्राटं करून चालवतं. कंत्राटाची नोंदणीच काम सुरू झाल्यावर कितीतरी महिन्यांनी होते आणि नोंदणीशिवाय बिल निघत नाही, ही तिथली जुनी तक्रार. तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स आणि तेव्हाचे शहराचे हिशेबनियंत्रक ब्रॅड लँडर यांनी २०२२ च्या सुरुवातीला, पदावर येताच, संस्थांना वेळेवर पैसे मिळावेत म्हणून संयुक्त कार्यदलाचा अहवाल मांडला. म्हणजे रोग इथला आणि तिथला सारखा आहे. पैसे मंजूर असतात, कामही झालेलं असतं, आणि मधल्या काळाचा भार संस्थेतली सगळ्यात कमी पगाराची बाई उचलते.

तिथली एक पद्धत मात्र आपण घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तिथल्या केंद्र सरकारकडून अमेरिकेतल्या शहरांना १९७४ च्या कायद्यानुसार सामुदायिक विकासाचा ठोक निधी मिळतो. त्यातला साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतच भाग पाळणाघर, ज्येष्ठांची सेवा अशा कामांना वापरता येतो. मला तो कमी वाटतो. पण हा ठोक निधी वापरण्यासाठी शहरानं वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. संस्था आणि नागरिक समोर उभे राहून सांगतात, या वर्षी आम्हाला काय लागेल. आपल्याकडे पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. चांगली सुरुवात होती, पण सूचना येतात त्या बहुतेक पदपथ, बाक आणि दिव्यांच्या. पाळणाघर हवं, निवारा हवा असं लिहिणारे कमी, कारण ज्यांना ते हवं असतं त्यांच्यापर्यंत तो अर्जच पोचत नाही. तुमच्या केंद्रातले आजी-आजोबा सुनावणीला जात असतील तर तिथे ते काय बोलतात, त्यांना बोलायला किती वेळ मिळतो, हे मला सविस्तर लिहून कळवाल का? इथल्या दोन संस्थांना ते दाखवायचं आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. पालिकेकडून तिच्या थेरपीला मदत मिळते का? आम्हाला कुणी सांगत नाही. (एक आई, कोकण)

उत्तर : मिळू शकते. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून खर्च करायची आहे, मग ती महानगरपालिका असो, नगरपरिषद असो की ग्रामपंचायत. कोणत्या शहरात थेरपीला मदत, कुठे साधनं, कुठे थेट खात्यात रक्कम, हे त्या त्या ठिकाणच्या ठरावावर असतं. आधी मुलीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढून घ्या, ते नसेल तर बाकी काही पुढे सरकत नाही. मग पालिकेत जाऊन दोन गोष्टी लेखी मागा : यंदाच्या दिव्यांग कल्याण योजनांचा ठराव आणि अर्जाचा नमुना. जवळपास दिव्यांग मुलांसाठी काम करणारी संस्था असेल तर तिच्याबरोबर जा. आणि अर्ज दिलात की आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.